गायकवाडची लक्ष्मी

लक्ष्मीला चार हात असतात हे आपण लहानपणापासून पाहत आलो. पण त्यातले मागचे दोन हात नेमके कुठून निघतात, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. सखाराम गायकवाडला तो पडला होता, आणि त्यापायी त्यानं स्वतःची आणि माझी बरीच वर्षं नासवली.

आम्ही दोघं गिरगावातल्या एका छापखान्यात होतो. कॅलेंडरं छापायची. वरचा देव गायकवाडचा. खालच्या तिथ्या, वार आणि तेलवाल्याची किंवा विडीवाल्याची जाहिरात, ही अक्षरं माझी. काम करता करता तो मधेच मान वर काढायचा.

"आपट्या, हिचा खांदा कुठाय?"

"पदराखाली असेल."

"एका वाटीत दोन हाडं बसत नाहीत. मागं दुसरा खांदा दिला तर बाई कुबडी दिसते."

या प्रश्नासाठी तो एका हाडवैद्याकडे जाऊन आला. हाडवैद्यानं त्याचंच डोकं तपासलं. एकदा त्यानं मला सदरा काढून उभं केलं, आमच्या गणपत हमालाला माझ्या पाठीला चिकटवलं, त्याचे हात माझ्या काखेतून पुढे ओढले आणि पेन्सिल घेऊन सांधा शोधू लागला. नेमके मालक दिनकरराव आत आले. समोर मी उघडाबंब, मला चार हात आणि त्यातल्या एकात पेटलेली विडी. दिनकरराव शांतपणे म्हणाले, "गायकवाड, गिऱ्हाइकाला खांदा नको असतो. आशीर्वाद हवा असतो."

तेव्हापासून गायकवाड सांध्यावर झेंडूचा जाड हार काढायला लागला. "जुळत नाही तिथं हार घालायचा," असं तो म्हणायचा, आणि मग ते त्याच्या तोंडीच बसलं. कुठल्या पुढाऱ्याचं भाषण कानावर आलं, कुणी कुणाची तोंड भरून स्तुती केली, की हा पुटपुटायचा, "घातला हार."

माणूस तिरसट. कुणाविषयी बोलायचं तरी अवयवांवरून. "मालकांची मान आखूड आहे, पण स्वभावाला शोभते." चित्रावर सही करायची त्याला मुभा नव्हती. त्यानं काढलेली लक्ष्मी घरोघर देव्हाऱ्याशेजारी लागायची, पण छापखान्यात त्याचा चहाचा कप वेगळ्या खिळ्याला असायचा. त्या कपावर त्यानं स्वतःचं नाव फार वळणदार अक्षरांत काढलं होतं. माझ्या कुठल्याही अक्षरापेक्षा चांगलं.

एका दसऱ्याला तो बायकोला घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. परतल्यावर पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत कामावर आला, कुंचले धुतले, फडक्यात गुंडाळले आणि दिनकररावांपुढे जाऊन उभा राहिला.

"आजपासून देव काढणार नाही."

"अरे, देव काय कुणा एकाचे असतात?"

"नाहीत ना? मग दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या."

खाली उतरताना मला म्हणाला, "आता दोनच हात. सुटलो." कप तो बरोबर घेऊन गेला. खिळा तसाच राहिला.

त्यानंतर तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि उरलेल्या वेळात परळच्या आपल्या चाळीत बसून माणसं काढायचा. मी पाहायला गेलो की खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पाळीवरून आलेला कामगार, दाढी करून घेणारा म्हातारा, नळावरच्या बायका. सगळ्यांचे खांदे जागच्या जागी.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. गिरगावात भिंतीवर कोरी जागा शिल्लक नव्हती. आमच्या कला मंडळालाही वाटलं, आपण मागं राहता कामा नये. मंडळाचं चित्रदालन म्हणजे वाचनालयाच्या माडीवरची लांबट खोली. तिथं 'मराठी माणूस' या नावाचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. मी गायकवाडचं नाव सुचवलं. अध्यक्ष परांजपे वकील खूश झाले.

"गायकवाड म्हणजे बडोद्याकडचे का?"

"नाही, परळकडचे."

"असू दे, असू दे. मराठी माणूस तो मराठी माणूस."

चित्रांच्या नावांवरून थोडं वाजलं. वकिलांना 'सह्याद्रीचा पुत्र', 'श्रमदेवता' अशी नावं हवी होती. गायकवाडनं चिठ्ठ्या स्वतः लिहून आणल्या. 'बसलेला माणूस', 'उभा माणूस', 'तांदूळ निवडणारी बाई'.

"सह्याद्रीचा पुत्र म्हणालात, तो गोदीत हमाल आहे," त्यानं वकिलांना सांगितलं. "त्याचं घर घोडपदेवला आहे."

उद्घाटनाच्या संध्याकाळी खोली भरली. सतरंज्या, हार, कागदाच्या बशांतून चिवडा. गायकवाड इस्त्रीच्या कोटात दाराशी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाची मान तपासत होता. त्याची बायको अनुसया गिरणीतून थेट आली होती. ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. केसांत कापसाचे बारीक तंतू अडकले होते. तिनं आल्या आल्या खिडकीजवळचा कोपरा धरला.

"वहिनी, पुढं या ना," मी म्हणालो.

"इथंच बरी हाये, भावजी. इथं वारा येतो."

वकिलांनी भाषण केलं. मराठी माणूस एक आहे, अठरापगड जाती एका आईची लेकरं आहेत, मुंबई आपली आहे. टाळ्या झाल्या. गायकवाड माझ्या कानाशी म्हणाला, "घातला."

मग लोक चित्रं पाहायला फिरू लागले. वकिलांच्या पत्नी सुमतीबाई 'तांदूळ निवडणारी बाई' या चित्रापाशी थबकल्या. सूप मांडीवर, नजर खाली, कपाळावर एक बट.

"अगबाई, ही तर आमची लक्ष्मी."

चारपाच बायका गोळा झाल्या. खरंच तीच होती. मी त्या तोंडाखाली वर्षानुवर्षं तिथ्या लिहिल्या होत्या, पण मुकुट नसताना मला ते ओळखू आलं नव्हतं. सुमतीबाईंचे हात आपोआप जोडले गेले. शेजारच्या बाईनंही जोडले.

"किती सात्त्विक चेहरा आहे हो," सुमतीबाई गायकवाडला म्हणाल्या. "कुठल्या घराण्यातल्या म्हणायच्या या?"

"माझ्या," गायकवाड म्हणाला. "अनुसया, जरा इकडं ये."

अनुसया कोपऱ्यातून आली आणि स्वतःच्या चित्राशेजारी उभी राहिली. एवढ्या लोकांनी एकदम पाहिल्यावर तिनं नजर खाली घातली, आणि मग तर शंकाच उरली नाही.

"छान, छान," वकील म्हणाले. "परळला कुठं राहता आपण?"

गायकवाडनं चाळीचं नाव सांगितलं. मुंबईत काही चाळींची नावं ऐकली की पुढचं विचारावं लागत नाही. सुमतीबाईंचे हात एकमेकांपासून सुटले आणि पदरात गेले.

मग सगळ्यांना एकदम घरची आठवण झाली. बाहेर मोर्चा येतोय म्हणतात, ट्रामा बंद व्हायच्या आत निघायला हवं, मुलं घरी एकटी आहेत. चळवळीनं त्या संध्याकाळी पुष्कळ लोकांची सोय केली. मोर्चा तसा काही नव्हताच. वकिलांनी जाताना गायकवाडच्या खांद्यावर थोपटण्यासाठी हात उचलला आणि तोच हात स्वतःच्या टोपीवर नेला. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "अगदी देवघरात लावावं असं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य मात्र त्यांनी त्या दिवशी गिळलं.

खोलीत आम्ही तिघं आणि चिवडा उरलो.

"त्या बाईनं हात कुणाला जोडले?" अनुसयानं विचारलं. "मला का तुमच्या रंगाला?"

"रंगाला."

"मग बरं," ती म्हणाली, आणि उरलेला चिवडा वर्तमानपत्रात बांधायला लागली. चाळीतल्या पोरांना झाला असता.

मी गायकवाडला विचारलं, की लक्ष्मीला बायकोचाच चेहरा का दिला होता. तो म्हणाला, "घरात दुसरं तोंड नव्हतं. आणि ही हलत नाही." अनुसया हसली. तो हसला नाही. त्यानं भिंतीवरची चित्रं एकेक करून उतरवायला घेतली. प्रदर्शन आठवडाभर चालायचं होतं.

गोष्ट गिरगावात पसरायला वेळ लागला नाही. आमच्या घरी माझ्या आईनं कॅलेंडर खाली काढलं, कात्रीनं वरचं चित्र कापलं आणि खालच्या तिथ्या परत खिळ्याला लावल्या. "एकादशी कशी कळणार नाहीतर," ती म्हणाली. म्हणजे माझं काम तेवढं शाबूत राहिलं. छापखान्यात गिऱ्हाइकांचे निरोप येऊ लागले. लक्ष्मी बदला. दिनकरराव वाईट माणूस नव्हते. ते फक्त म्हणाले, "तो दगड घासून टाका."

आमच्याकडे तेव्हाही शिळाछापाची छपाई होती. चित्र गुळगुळीत, जड दगडावर काढायचं, त्यावरून छापायचं, आणि नको झालं की वाळू आणि पाणी टाकून दगडावर दगड घासायचा. चित्र जातं, दगड नव्या चित्राला मोकळा होतो. हे घासायचं काम गणपतचं.

मी हे गायकवाडला सांगितलं. वाटलं, काहीतरी तिरकस बोलेल. तो "बरं" म्हणाला आणि पाटी रंगवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो छापखान्यात हजर. दिनकररावांना म्हणाला, "तो दगड मी घासतो."

"तू कशाला? गणपत करील."

"गणपत जोरात घासतो."

दिनकररावांनी मान डोलावली.

मागच्या अंगणात दगड आणून ठेवला होता. गायकवाडनं कोट काढला, बाह्या सारल्या आणि दगडापुढे मांडी घातली. दगडावर चित्र उलटं असतं, त्यामुळे अनुसयाच्या कपाळावरची बट उजवीकडे आली होती. त्यानं पायांपासून सुरुवात केली. कमळ गेलं, साडीचे काठ गेले. दोन्ही तळव्यांनी वरचा दगड धरून तो सावकाश गोल फिरवत होता. दळताना बायका जातं फिरवतात, त्याहून हळू. राखाडी चिखल कडेनं ओघळत होता. गणपत शेजारी उकिडवा बसून तांब्यानं पाणी घालत होता. कामगार येता-जाता दारात थांबत आणि निघून जात.

हनुवटीपाशी आल्यावर गायकवाड थांबला. त्यानं वरचा दगड बाजूला ठेवला, सदऱ्याच्या टोकानं चेहऱ्यावरचा चिखल पुसला आणि बोटांत थोडी बारीक वाळू घेतली. आता तो नुसत्या बोटांनी घासणार होता. गणपतनं सवयीनं तांब्या वरून ओतला.

"हळू रे," गायकवाड म्हणाला. "डोळ्यांत जाईल तिच्या."

गणपतनं तांब्या खाली ठेवला आणि ओंजळीनं पाणी सोडू लागला.