आठ पायांचे दोन केसपेपर

नातीने परगावी जाताना आपली पाळलेली टॅरँटुला माझ्या स्वाधीन केली. तळहाताएवढी केसाळ कोळीण, नाव बाईसाहेब. आजारपण कसं ओळखायचं, ते नातीने कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं. उताणी पडली तर घाबरू नये. कात टाकते आहे, हात लावू नये. पाय मुठीसारखे पोटाखाली ओढून घेतले तर मात्र तहानेने जीव चालला आहे. तोंड पाण्याला लागेल असं ठेवावं. लगेच.

मंगळवारी बाईसाहेबांनी पाय ओढून घेतले. मी कागद वाचला. मग ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक वाचलं. दोघांचं एकमत होतं. पण तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मी आयुष्यात काही केलेलं नाही. बाईसाहेबांचा डबा आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून मी प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो.

खिडकीतल्या कारकुनाने डब्यात डोकावून पाय मोजले.

"आजोबा, आमच्या केसपेपरवर चारच पायांची जागा आहे."

"मग?"

"दोन काढा. पुढचा अर्धा, मागचा अर्धा. डॉक्टरही दोन लागतील."

पुढच्या अर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'तहान. पाणी पाजावे.' मागच्या अर्ध्याच्या डॉक्टरांनीही तेच लिहिलं. अक्षर तेवढं वाईट होतं. मला फार बरं वाटलं. मी बाटली काढली.

"थांबा," कंपाउंडर म्हणाला. "पाणी तोंडाने पाजणार ना? तोंड कुठल्या कागदावर आहे?"

दोन्ही कागदांवर नुसते पाय होते.

"तोंडाचा वेगळा अर्ज करा. उद्या तपासणीत निघालं, तर माझ्या गळ्याशी येईल."

"अहो, पण ती मरेल."

"मी नाही म्हणतोय का? अर्ज करा म्हणतोय."

अर्जाची रांग जिन्यापर्यंत होती. माझ्यापुढच्या बाईंकडे त्यांच्या पोपटाच्या दातांचा दाखला मागितला होता. मागून एकजण म्हणाला, "काका, कागद गेले खड्ड्यात, पाजा ना पाणी." आम्ही सगळ्यांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बूट न्याहाळू लागला.

तासाभराने माझा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी डब्यात पाहून पुढचा अर्धा मृत घोषित केला. मागच्या अर्ध्याचे डॉक्टर जेवायला गेले होते, त्यामुळे तो अजून उपचाराधीन आहे.

संध्याकाळी नातीचा फोन आला. "आजोबा, पाणी दिलंत ना?"

मी म्हणालो, "अर्ज दिलाय."



तुम्ही मला हसाल, हसा. पण गेल्या आठवड्यात तुम्हीही कुठल्यातरी रांगेत उभे होतात. पुढच्या माणसाच्या पिशवीत काय मरत होतं, ते पाहिलंत? की 'कागद गेले खड्ड्यात' म्हणणाऱ्याकडे तुम्हीही तसंच वळून पाहिलंत?