चुन्याच्या फक्कीतला बाजार

"भिंतीतून काहून येऊन राह्यले साहेब? दार तिकडं हाय!"

इंगळेसाहेब हे भर मैदानात ओरडायचे. तिथे भिंत नसायची, दारही नसायचं. असायची ती जमिनीवर ओढलेली चुन्याच्या फक्कीची रेघ.

आमच्या नगरपरिषदेत ते प्रकल्प कक्षाचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावर सारंच मावते," म्हणायचे. म्हणून कोणतंही बांधकाम मंजुरीला जाण्याआधी ते जागेवर खऱ्या मापात फक्कीनं आखायचं आणि आम्ही त्यात वावरून दाखवायचं. नसलेल्या वाचनालयाच्या नसलेल्या जिन्यावर मी पाय उचलून चढलोय. जाणारे-येणारे थांबून बघत. पोटासाठी माणूस काय काय करतो!

मग भाजीबाजाराचं काम आलं. इंगळेसाहेबांनी ओट्यांमागे बायकांसाठी स्वच्छतागृह आखलं. नवे मुख्याधिकारी म्हणाले, "ते काढा. तिथे दोन गाळे निघतात."

इंगळेसाहेब वाद घालत नसत. त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना आमच्या वावरण्याच्या तालमीला बोलावलं, फक्कीच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसवलं, समोर मेथीच्या जुड्या मांडल्या आणि मला मठ्ठा आणायला पिटाळलं. आग्रह करकरून ग्लासावर ग्लास पाजले. मुख्याधिकारी आधी चुळबुळ करू लागले, मग उठलेच.

"कुठं चालले साहेब?"

"आलोच जरा."

"बसा ना. बाजार तर दिवस बुडाल्यावर उठते."

आम्हाला हसू आवरेना. इंगळेसाहेब मात्र हसत नव्हते.

"माह्या मायनं रिठदहून भाजी आणून इथंच इकली, साहेब. त्याच्यावर मले शिकवलं. बाजाराच्या दिवशी तिनं कधी पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. काहून, ते आता तुमाले समजलं असन."

गाळ्यांचा विषय मुख्याधिकाऱ्यांनी पुन्हा काढला नाही.

बाजार सुरू झाला त्या दिवशी इंगळेसाहेब आईला घेऊन आले. म्हातारी आता पार थकली होती. तिनं स्वच्छतागृहाच्या नव्या दाराची कडी आतून लावून पाहिली, उघडली, पुन्हा लावून पाहिली. बाहेर आल्यावर लेकानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पे माय. आता पे."

तिनं नुसते ओठ ओले केले आणि तांब्या परत दिला. "राहू दे बाप्पा. घरी गेल्यावर पेतो."

भरल्या बाजारात इंगळेसाहेब तांब्या धरून लहान मुलासारखी तिची विनवणी करत राहिले.