फटीतून न जाणारं कार्ड

एका जंगलात, मुलांनो, बेहड्याच्या उंच झाडावर धनेश पक्ष्यांचं एक जोडपं राहत होतं. नवऱ्याचं नाव सदानंद, बायकोचं वैजयंती. त्या जंगलात नेटवर्क होतं, कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि दर मंगळवारी भारनियमनही होतं. झाडावर वीज कुठून आली, असं मधेच विचारायचं नाही. असं विचारणाऱ्या मुलांना पुढे गोष्टी सांगायला कुणी मिळत नाही.

धनेशांची एक जुनी रीत आहे. अंडं घालायची वेळ झाली की बाई झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि तोंडाशी चिखल लिंपून दार बंद करून घेते. फक्त एक उभी फट ठेवते, चोच जाईल एवढी. आत तिची उडायची पिसं गळतात, नवी येतात. नवरा बाहेरून त्या फटीतून उंबरं भरवतो. पिल्लू मोठं झालं की ते आतून भिंतीला चोच मारायला लागतं. मग भिंत फोडायची आणि आई-पिल्लानं उडून जायचं. इतक्या पिढ्या अशाच उडून गेल्या. कुणी काही वाचलेलं नव्हतं.

वैजयंतीनं वाचलेलं होतं.

ढोलीत जाताना बाकीच्या बाया फार तर अंथरायला सालपटं नेतात. वैजयंतीनं कॉलेजपासूनचा लॅपटॉप नेला. अंड्यावर बसल्या बसल्या तिनं बालसंगोपनावर मिळेल ते वाचून काढलं. अंडं उजवीकडे फिरवावं की डावीकडे, यावर तज्ज्ञांचं एकमत होईना, तेव्हा तिनं ते दोन्हीकडे फिरवलं आणि रात्रभर वाटत राहिलं की डावीकडे जरा जास्तच झालं.

त्या अंड्यातून बोंडू बाहेर आला. बोंडू चांगला ठणठणीत होता. हे आपल्याकडून चुकून झालं असणार, असं वैजयंतीला वाटलं.

बोंडूला पिसं फुटली, आणि एका सकाळी त्यानं भिंतीवर टक् करून चोच मारली.

बाहेर सदानंद उंबरं घेऊन बसला होता. त्याची मान एव्हाना देठासारखी झाली होती. दोघांना भरवायचं म्हणजे बापाच्या वाट्याला सालं येतात. तो आनंदानं म्हणाला, "अगं, मारली की चोच. फोडू का?"

वैजयंतीनं बोंडूला भिंतीपासून मागे ओढलं.

"थांबा हो. त्याला अजून वाऱ्याची दिशासुद्धा कळत नाही."

"आत वाराच येत नाही, तर दिशा कशी कळेल?"

"तेच तर म्हणतेय. तयारी नाही त्याची."

सदानंदानं उंबर पुढे केलं.

वैजयंतीनं कुठेतरी वाचलं होतं की पहिल्या उड्डाणाला पिल्लं पडतात. किती पडतात ते दिलेलं नव्हतं, म्हणून तिनं सगळी पडतात असं धरलं. तेवढ्यात तिला 'भरारी' नावाच्या खेळाचा शोध लागला. हा खेळ म्हणजे उड्डाणाची रंगीत तालीम. पडद्यावर खरं जंगल, खरे डोंगर, खरे ढग. पिल्लानं पडद्यासमोर बसून पंख हलवायचे आणि पडद्यावरच्या पक्ष्यानं उडायचं. पडलं तर पडद्यावर पडलं. गुडघे फुटत नाहीत.

वैजयंतीनं मनाशी ठरवलं, बोंडू 'भरारी'त फांदीवर नीट उतरला, की भिंत फोडायची. त्याआधी नाही.

पण खेळ होता खानदानी आणि लॅपटॉप होता गरीब. खेळ सुरू करताच लॅपटॉपला धाप लागली. त्याच्या पंख्याचा असा आवाज येऊ लागला की पलीकडच्या झाडावरच्या घारीनं पिल्लं पोटाखाली घेतली. पडद्यावर डोंगर आले ते चौकोनी. उंबराचं झाड म्हणजे नुसता हिरवा गोळा. बोंडू पंख हलवायचा, लॅपटॉप त्यावर विचार करायचा आणि मग सावकाश पडद्यावरचा पक्षी हलायचा. एकदा समोर कडा आला. बोंडू वळला. चित्र आहे तिथेच थांबलं.

"आई, मी धडकलो का?"

"थांब बाळा. अजून कळायचंय."

दोघं श्वास रोखून बसले. बऱ्याच वेळानं कळलं की तो मघाशीच धडकला होता.

जंगलातल्या बंदिस्त बायांचा फोनवर एक ग्रुप होता, 'ढोलीतल्या आया'. त्यावर पिंपळावरच्या शर्वरीनं सहज म्हणून टाकलं की त्यांची चिंगी 'भरारी' अल्ट्रा सेटिंगवर उडते, पानापानाची सावली दिसते. तुमचा बोंडू कितीवर उडतो? वैजयंतीचा बोंडू सगळ्यात खालच्या सेटिंगवर उडत होता, आणि तोही मंगळवार सोडून. तिनं उत्तरात नमस्काराचं चित्र पाठवलं आणि दिवसभर आपण आई म्हणून कुठे कमी पडलो याचा विचार करत बसली. पुष्कळ ठिकाणं सापडली.

झाडाच्या बुंध्याशी साळिंदराचं दुकान होतं. पाठीवरच्या काट्यांना वायरी अडकवलेल्या असायच्या. जंगलातलं कुठलंही यंत्र दाखवा, साळिंदर एकच वाक्य बोलायचा. सदानंदानं लॅपटॉपचं वय सांगितलं तेव्हाही तो तेच बोलला.

"चालेल. पण पळणार नाही."

रॅम वाढवा म्हणाला. रॅमची पट्टी सडपातळ असते, ती फटीतून सहज आत गेली. वैजयंतीनं व्हिडिओ बघत बघत चोचीनं ती बसवली. डोंगर जरासे गोल झाले. पण आता ढग आले की सगळं अडकायचं.

मग साळिंदर म्हणाला, जुनी डिस्क काढून नवी टाका. तीही बिस्किटाएवढीच होती. फटीतून आत गेली. आता खेळ लवकर सुरू होऊ लागला आणि लवकर बंद पडू लागला.

मग लॅपटॉपखाली ठेवायला जादा पंखा आला. पंखा मात्र जरा तिरका करून ढकलावा लागला.

यात एक गोष्ट अशी होती मुलांनो, की चोच एकच असते. चोचीत रॅम असली की उंबर आणता येत नाही. त्यातून उंबरांचा हंगामही उतरत चालला होता. सदानंद आता लांबच्या नदीपर्यंत जात होता आणि परत येताना फांदी-फांदीवर टेकत होता. इकडे आत लॅपटॉप, पंखा, वायरी आणि आई यांच्यामधून बोंडूला दोन्ही पंख एकदम पसरायला जागा उरली नव्हती. तो एक पंख पसरायचा, मिटायचा, मग दुसरा. मधूनमधून भिंतीवर चोच मारायचा. खेळ अडकल्याचा राग काढतोय, असं वैजयंती समजायची आणि त्याला ओरडायची.

"आई, भिंतीच्या पलीकडे कुठलं सेटिंग असतं?" त्यानं एकदा विचारलं.

"आधी इथलं नीट कर."

त्या दिवशी सदानंद एकच उंबर घेऊन आला. ते फटीतून देताना जरा घुटमळला. बायकोला ठणकावून सांगायची त्याला सवय नव्हती.

"उंबरं संपत आली, वैजू. पिंपळावरची चिंगी कालच उडाली. आणि याचे पंख आता उघडले नाहीत, तर पुढे उघडायचे नाहीत."

वैजयंतीलाही ते दिसत होतं. तेच तर दिवसभर दिसत होतं. तिनं बोंडूकडे पाहिलं. तो गरम लॅपटॉपवर अंड्यासारखा बसला होता.

"शेवटचं एकदा साळिंदरभाऊंना विचारा," ती म्हणाली. "एकदा नीट उतरू दे त्याला. मग मी स्वतः भिंत फोडते."

साळिंदरानं काटे खाजवले. म्हणाला, आता लॅपटॉपचा नाद सोडा. मोठा डेस्कटॉप घ्या आणि त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड टाका. चित्रं भराभर काढायचं काम त्या कार्डाचं. ते बसलं की पानापानाची सावली दिसेल.

"म्हणजे पळेल?" सदानंदानं विचारलं.

"ढोलीत बसेल," साळिंदर म्हणाला. "फटीतून जाणार नाही."

कार्ड होतं पाट्याएवढं आणि डेस्कटॉपचा डबा त्याहून मोठा. सदानंदानं फट मोजली, डबा मोजला आणि वर जाऊन जे आहे ते सांगितलं. त्याला वाटलं, आता तरी नाद सुटेल.

वैजयंतीनं थोडा वेळ विचार केला. ती शिकलेली होती. अडचणीतून मार्ग काढायची तिला सवय होती.

"त्यात काय? भिंत फोडू. डबा आत घेऊ. आणि लगेच लिंपून टाकू."

सदानंदानं चोच उघडली. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यानं ती तशीच मिटली. पुढे चार-चौघांत तो एवढंच सांगायचा, की नवऱ्याच्या आयुष्यात गप्प बसण्याचे काही क्षण फार मोलाचे असतात.

दुसऱ्या दिवशी डबा वर चढवायला दोन माकडं आली. सदानंदानं बाहेरून आणि वैजयंतीनं आतून भिंत फोडली. इतक्या दिवसांची वाळलेली माती खाली कोसळली आणि ढोलीत भसकन उजेड आला. वैजयंतीला तो बघायला वेळ नव्हता. वायरी गुंडाळायच्या होत्या, पंखा कडेला घ्यायचा होता, डब्याला जागा करायची होती. आणि बोंडू पायात पायात येत होता.

"बोंडू, मधे नको. जरा बाहेर फांदीवर उभा राहा, मशीन आत येऊ दे. आणि कशाला हात लावू नकोस."

बोंडू शहाणं पिल्लू होतं. आईनं सांगितलं म्हणून तो बाहेर फांदीवर जाऊन उभा राहिला. कशालाही हात लावला नाही.

समोर दरी होती. त्यानं अंग जरा ताणलं, तर दोन्ही पंख एकदम उघडले. कुठे काही आपटलं नाही.

"आई, इथं पानं एकेक दिसतायत."

"हो का?" वैजयंतीचं डोकं वायरींत होतं. "कितीवर ठेवलंय?"

उत्तर आलं नाही. तिनं मान वर केली. फांदी रिकामी होती आणि वरखाली हलत होती.

ती कडेशी धावली. खाली, बऱ्याच खाली, एक राखाडी बोचकं गटांगळ्या खात चाललं होतं. सदानंद त्याच्या मागे झेपावला होता. बोचकं फिरलं, पुन्हा फिरलं, मग त्याला कुठेतरी पंख सापडले. ते वर आलं, वाकडंतिकडं उंबराच्या दिशेनं गेलं आणि पहिल्याच फांदीवर जाऊन थाडकन आदळलं. पानं उडाली.

वैजयंतीनं सवयीनं वाट पाहिली. अजून कळायचं होतं.

पण तेवढ्यात उंबरातून आवाज आला. इतका आनंदी आवाज तिनं ढोलीत कधी ऐकला नव्हता.

"आई, धडकलो! लगेच कळलं!"

माकडांनी डबा आत सरकवला, पोचल्याची सही घेतली आणि ती निघून गेली.

संध्याकाळपर्यंत बोंडू आणखी पाच-सहा फांद्यांना धडकला. मग धडकेनासा झाला. वैजयंतीनं ग्रुपवर कळवलं की आमचा उडाला. शर्वरीनं लगेच विचारलं, कुठल्या सेटिंगवर? वैजयंतीनं बराच विचार केला आणि लिहिलं, मशीन आलं तेव्हा बाहेर जे होतं, त्याच.

आता बापलेक समोरच्या फांदीवर बसून तिची वाट बघू लागले. तिलाही नवी पिसं आली होती, चांगली चकचकीत. ती कडेशी आली. खाली पाहिलं. पिसं नवी होती, दरी जुनी होती. शेवटचं आपण कधी उडालो, हेच तिला नीट आठवेना. पंख आधी वर करायचे की आधी पाय सोडायचे? ती हळूच मागे सरली.

डबा तसाच पडला होता. दुकानदार परत घेणार नव्हता. वैजयंतीनं तो उघडला, कार्ड बसवलं आणि 'भरारी' सुरू केली. खरोखर पानापानाची सावली दिसत होती. सगळं कसं पळत होतं.

सदानंद उरलीसुरली उंबरं आणून तिच्यासमोर ठेवतो. फोडलेली भिंत कुणी लिंपली नाही. फक्त फार वारा येतो म्हणून वैजयंतीनं डब्याचा पुठ्ठा आडवा लावलाय. एकदा नीट उतरता आलं की निघतेच, असं तिनं आतून सांगितलंय.

"बाबा, आई कधी उडणार?" बोंडू विचारतो.

"उडेल रे. जरा दमानं घे," सदानंद म्हणतो. "लोड होतेय."

तात्पर्य: मुलाला मोकळं सोडायचा धीर आईला पुस्तकं वाचून येत नाही आणि नवऱ्यानं सांगून तर मुळीच येत नाही. म्हणून तिनं खरेदी करत राहावं. एक दिवस असं काहीतरी मोठं घरी येतं, की ते आत घेण्यासाठी दार मोडावं लागतं आणि मूल जरा वेळ बाहेर उभं करावं लागतं.