दत्तारामांच्या शोधाची मोहीम, मुलूख मीरा रोड

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस मीरा रोड मुलुखी जी मोहीम जाहली, तिची हकीकत ऐकिली तैशी, पदरचे तिखटमीठ बेताने घालून, लिहिली असे.

इस्पितळाचे दुसरे माळ्यावर कर्करोग संशोधनाची कचेरी आणि तेथील मुखत्यार अखंडितफोनालंकृत मृणालिनीबाई. ऑपरेशनानंतर पाच साली कोण हयात, कोण मयत, याची नोंद त्यांचे जोखमीस. एकशे अठरांपैकी एकशे सतरांचा ठाव लागला, आणि एक दत्ताराम, वस्ती पूनम सागर, दरसाल आपले पायी हजर होत, ते यंदा आले नाहीत. मग डॉक्टरसाहेबांचा हुकूम सुटला की, सायंकाळचे आत शोध न लागल्यास असामी ‘बेपत्ता’ लिहून दफ्तर बंद करावे. संमतिपत्रावर सही त्यांणीच घेतली होती; तो माणूस एका शब्दाने पुसून टाकणे त्यांस साहवेना.

मग फोनाची तोफ एकतीस वेळा डागिली, आणि पलीकडे दत्तारामांचे कुटुंब मंदाबाई, ‘कॅन्सर विभागातून बोलतेय’ इतके कानी पडताच, ‘राँग नंबर’ म्हणोन तोफ थंड करीत. तेव्हां बाईंनी खासा कूच केले, आणि शेअर रिक्षात चौथी सवारी होऊन, निम्मे अंग बाहेर लोंबत, पूनम सागरचे वेशीस पावल्या. तेथील पहारेकरी गुणवंत याणें खबर दिली.

“दत्ताराम काका ना? नऊ दिवस झाले मॅडम, काशीमीऱ्याला ट्रकने रिक्षाला ठोकलं, पाय फ्रॅक्चर. तुमच्याच हॉस्पिटलात आहेत की, चौथ्या माळ्यावर!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चौथे माळ्यावर अपघाती जखमांचे संशोधन. त्या दफ्तरी दत्ताराम पहिलेच दिवशी दाखल, आणि दोन जिने खाली तेच गायब. दोन्ही कचेऱ्यांचे दळणवळण चहापुरते.

बाई धापा टाकीत वर गेल्या, तो दाराशी मंदाबाई आडव्या. “ताई, तो शब्द काढू नका हो. त्यांना आम्ही अल्सर सांगितलंय.”

बाईंस कर्करोगाचे नाव लिहिलेले ते संमतिपत्र आठवले, तरी मान डोलावून त्या आत गेल्या. मग दत्तारामांनी कुटुंबास चहा आणावयास रवाना केले, आणि प्लास्टरातला पाय सावरीत हळूच बोलले,

“सही मीच केली होती ना मॅडम? पण मला माहीत नाही, असं समजूनच तिला झोप लागतेय. तुमच्या फॉर्मात खरं लिहा. तिच्यासमोर अल्सर.”

बाईंनी अपघाताचे दिवशी काढिलेले पोटाचे सीटी स्कॅनचे कागद डॉक्टरांकडून तपासविले. रोगाचा मागमूस नाही. तोवर मंदाबाई चहा घेऊन आल्या, आणि बाईंस कोपऱ्यात ओढोन पुसत्या जाहल्या, “त्यांना कळलं तर नाही ना?”

बाईंनी मान हलविली. नाही. चहा तिघांनी घेतला.

सायंकाळी दफ्तर बंद जाहले, ते येणेप्रमाणे: मयत एकेचाळीस, हयात सत्त्याहत्तर, बेपत्ता कोणी नाही. दत्तारामांचे ओळीत ‘हयात, रोगमुक्त, पाय मोडलेला’ लिहिले, आणि शेऱ्याचे रकान्यात बाईंनी आपले हस्ताक्षरे जोडिले की, पुढील फोन करणाराने अल्सर विभागातून बोलतो ऐसे सांगावे. फत्ते जाहली.