इनिसच्या मागची रांग

ग्लासगोहून सुटलेली गाडी किलब्रॅनॉकला पोचेपर्यंत इनिस रॅटरेच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. तासभर उभ्यानं प्रवास, त्यात घर चढावर. म्हणून गावच्या सभागृहाच्या बंद दाराला तो जरा टेकला. दोन मिनिटं दम खायचा आणि निघायचं, एवढाच बेत.

डोळे उघडले तेव्हा मागे मिसेस डनबार उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे निवृत्त पोस्टमन हेक्टर.

"कसली रांग म्हणायची ही?" हेक्टरनं विचारलं.

"मला काय ठाऊक! पण इनिस उभा आहे म्हणजे काहीतरी असणारच."

"अहो, मी नुसता टेकलोय," इनिस म्हणाला.

"टेक की! पहिला नंबर तुझाच आहे, कोण ढकलतंय तुला?" मिसेस डनबार म्हणाल्या.

गावातली बँक गेली, मग खाटीक गेला, चार वर्षांपूर्वी सरकारी दंतवैद्यही गेला. त्यामुळे रांग दिसली की लोक आधी उभे राहत, चौकशी मागाहून. दहा जण जमले. त्यातल्या एकानं गाल धरला होता. ते पाहून कुणीतरी म्हणालं, "दंतवैद्याची नावनोंदणी दिसतेय." झालं! पंधरा मिनिटांत रांग चर्चला वळसा घालून बसथांब्यापर्यंत गेली.

"खरंच सांगतो, इथे कुणी येणार नाहीये!" इनिस काकुळतीला आला.

"वा रे शहाण्या!" हेक्टर भडकला. "स्वतः पहिला उभा राहून आम्हाला घरी पाठवतोस?"

तेवढ्यात इनिसची बायको सेंगा धापा टाकत आली. "काय माणूस आहेस! महिनाभर माझी दाढ ठणकतेय, आणि हे मला शेजारणीकडून कळावं?"

"सेंगा, इथे काहीही नाहीये. माझे पाय गेलेत गं."

"मग तू जा घरी. सूप शेगडीवर आहे. तुझ्या जागी मी उभी राहते."

इनिस गेला. सूप प्यायला आणि खुर्चीतच झोपला.

इकडे नाचाच्या वर्गासाठी दार उघडायला आलेल्या मिस ट्वीडी गर्दी पाहून चक्रावल्या. कुणी हलेना, तेव्हा त्यांनी वही काढून सगळ्यांची नावं लिहून घेतली. एकशे अठरा भरली. आता लिहिलीच आहेत तर म्हणून त्यांनी ती यादी आरोग्य खात्याला धाडून दिली.

दोन महिन्यांनी चक्क उत्तर आलं. दर मंगळवारी सभागृहात दंतवैद्य बसणार, यादीतल्या लोकांसाठी.

पहिल्याच मंगळवारी पहिल्या नंबरनं सेंगा आत गेली. तिच्याबरोबर आलेल्या इनिसनं टेबलामागच्या बाईंना आपलं नाव यादीत कितवं आहे ते विचारलं. बाईंनी यादी दोनदा चाळली.

"तुमचं नाव नाही. नव्यांना दोन वर्षं तरी थांबावं लागेल."

"अहो, ती रांग माझ्यापासूनच सुरू झाली होती!"

दोन नंबरच्या खुर्चीतून मिसेस डनबारनी चष्म्यावरून पाहिलं. "मग घरी कशाला गेलास, बाबा?"