मोरूकाकांचे वरचे शेजारी

आमच्या रेवदंड्यात वाडीला पाणी लावताना माणूस जमिनीकडे बघतो. मोरूकाका आभाळाकडे बघायचे. ढग बघत असतील म्हणाल, तर तेही नाही. आपल्या वाडीतले वडिलार्जित पाट बुजवून त्यांनी नवे खणले होते, आणि ते मंगळावरच्या कालव्यांच्या नकाशाबरहुकूम. थट्टा करत नाही मी. आमची त्यांची विहीर सामायिक, रहाट एकच. एक दिवस त्यांचं शिंपणं, एक दिवस आमचं. त्यामुळे मंगळावर काहीही झालं की चिखल आमच्या पायरीशी यायचा.

हे खूळ शिरलं एका मासिकातून. मुंबईहून कुणीतरी अंक आणला होता. मंगळ वाळत चाललाय आणि तिथल्या लोकांनी ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी आणायला सरळच्या सरळ कालवे खणलेत, असं कुणा परदेशी विद्वानाचं मत त्यात छापलेलं, सोबत नकाशा. दुसऱ्या कुणी ‘असेल बुवा’ म्हणून पान उलटलं असतं. काकांनी नकाशा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अरे दत्तू, हा तर वाडीवाला आहे. आणि पाट चुकलाय त्याचा."

त्या दिवसापासून मंगळ हा ग्रह राहिलाच नाही, ती शेजारची वाडी झाली. तिथल्या लोकांना काका ‘वरचे’ म्हणत. "इतका सरळ पाट कुणी काढतं का? पाणी नुसतं पळतं, मुरत नाही. वरच्यांना सांगणारं कुणी वडीलधारं दिसत नाही." मग ते वडीलधारेपण यांच्याकडे आलं. वरच्यांची चूक आधी जशीच्या तशी आपल्या वाडीत करायची, मग एकेक करून सुधारायची. वरचे ते बघतील आणि शिकतील, असा बेत.

"त्यांना कसं दिसणार काका?"

"आपल्याला ते दिसतात. मग आपण त्यांना दिसायला काय हरकत आहे?"

घ्या.

वरचे नीट दिसावेत म्हणून त्यांनी एका तांडेलाकडून मोडीत निघालेल्या गलबतावरची दुर्बीण मिळवली होती. तिची पुढची काच तडकलेली. एका संध्याकाळी मला ओट्यावर बसवून त्यांनी मंगळ दाखवला. खोटं कशाला बोलू, कालवे दिसले. मग मी दुर्बीण खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर फिरवली, तर तिथेही तेच कालवे. आमच्या देवळाच्या कळसावरही एक होता. काकांना म्हटलं, कोर्लईवरही कालवे आहेत. त्यांनी घटकाभर विचार केला. "फिरंग्यांनी खणले असतील. पुढे बुजले."

गावातल्या एका मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि बोर्ली पंचतनचे पाहुणे बैठकीत का-कू करायला लागले. काका आमंत्रण नसताना तिथे जाऊन बसले. "मंगळ कडक नाही हो, तहानलेला आहे. त्याला स्वतःच्या पाण्याची विवंचना. तो तुमच्या चिरंजीवांच्या मागे कशाला लागेल?" पाहुण्यांनी चहा अर्धा टाकून जोडे शोधले. मुलीच्या बापाने काकांशी बोलणं सोडलं. ती मुलगी मात्र काका दिसले की वाकून नमस्कार करायची.

पुढे वर्तमानपत्रात आलं, की परदेशात काही मंडळी आभाळात जायला अग्निबाण बनवताहेत. काकांना वाटलं, वरच्यांना बियाणं तरी चांगलं धाडावं. त्यांनी श्रीवर्धनी रोठा सुपारी निवडून फडक्यात बांधली, आणि जत्रेत दारूकाम करणाऱ्याकडून माणसाएवढा बाण करून घेतला. समुद्रावर आम्ही सगळे जमलो होतो. बाण सुरूच्या झाडांवरून सुसाट गेला, तिथे त्याचं मत बदललं, आणि तो वळून कोळीवाड्यात उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी जानकी कोळीण फडकं घेऊन दारात.

"काका, ही सुपारी माज्या बोंबलांव परली. कोनाची?"

"वरच्यांची आहे मावशी."

"वरचं खालचं मना नको सांगू. सुपारी घरा आली म्हंजे आवतन आलं. जेवाला कवा येव?"

काकांनी विचार केला आणि तिचं म्हणणं पटवून घेतलं. काकूंनी बिचारीने पुरण घातलं, जानकीमावशी सुनांना घेऊन जेवून गेली. अग्निबाणाने आमंत्रण जाऊन झालेली आमच्या तालुक्यातली ती पहिलीच पंगत असावी.

पण इथवर हसून घेतलं ते घेतलं. वाडीच्या उगवतीला पोफळींची एक रांग होती, काकूंनी लग्न होऊन आल्या वर्षी स्वतः लावलेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या पोफळींशीच त्या बोलायच्या. आणि मंगळाचा एकही कालवा उगवतीकडे जात नव्हता. बघता बघता झावळ्या पिवळ्या पडल्या, कोवळी सुपारी गळायला लागली. मी भांडलो, माझ्या पाळीचं पाणी देतो म्हणालो. "नकाशा बिघडेल. वरच्यांचा घोटाळा होईल," म्हणून काकांनी तेही नाकारलं. शेवटी काकू आमच्या ओटीवर येऊन म्हणाल्या, "दत्तू, त्या मेल्या तर मी माहेरी जाणार. तिथे आता कुणी नाही. तरी जाणार."

आणि माझ्याकडे उपाय होता. नव्या मासिकात आलं होतं, की अधिक मोठ्या दुर्बिणींतून बघणाऱ्यांना मंगळावर कालवे दिसतच नाहीत; तो नजरेचा भास, आणि तिथे माणसं असल्याचंही काही चिन्ह नाही. अंक घरात तसाच पडून होता. म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या वरच्यांत, ते काढून घेतल्यावर उरणार काय, या धास्तीने माझा धीर होत नव्हता. पण काकू उठून गेल्या तशी मी अंक उचलला.

काका पाटाच्या कडेला बसले होते. मी सगळं वाचून दाखवलं.

"म्हणजे तिथे कुणीच नाही?"

"नाही काका."

"कुणाची वाडी जळत नाहीये?"

"वाडीच नाही तर जळेल कुठली?"

"नीट वाचलंस ना? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. काकांनी उपरण्याने डोळे पुसले. "सुटलो रे बाबा. मला सारखं वाटायचं, दोघंच असतील. म्हातारा-म्हातारी. मागे कुणी नाही. पाट ओढायला हात चालत नसतील, म्हणून वाकडा न काढता सरळ काढला असेल. आपण मेल्यावर झाडांना पाणी कोण घालणार, या चिंतेत असतील."

मी अंक मिटला.

काका उठले, फावडं घेतलं आणि मंगळाचा मुख्य कालवा फोडून पाणी उगवतीला वळवलं. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. त्यांच्याकडे न बघता काका म्हणाले, "अगं, वर कुणीच नाही म्हणे."

"नसेना," काकू म्हणाल्या. "खाली मी आहे की."

आणि पदर खोचून त्यांनी पहिल्या पोफळीचं आळं हातांनी मोकळं करायला घेतलं.