श्रीशैलचा ड्रॉबॅक

आमच्या मुलीच्या, अर्पिताच्या होणाऱ्या सासरी फोन आपणच करावा, असं मी ठरवलं. (एरवी असली कामं माझी बायको महानंदा करते, म्हणून ती होतात.) मुलगा श्रीशैल सोलापूरचा. बापलेकांचा टॉवेलचा कारखाना. पसंती झालेली, फक्त साखरपुड्याची तारीख काढायची होती.

"काढू की," श्रीशैलचे वडील शरणबसप्पा फोनवर म्हणाले, "पण श्रीशैलचा ड्रॉबॅक आहे. तो एकदा आला की आम्ही मोकळे."

मी अणदूरला एका शाळेत क्लार्क. घरात इंग्रजीचा शेवटचा शब्द माझा. ड्रॉबॅक म्हणजे खोट, उणीव.

"कधीपासून आहे हो?"

"पोरगा धंद्यात पडला तेव्हापासून."

"सारखा येतो?"

"त्याचा काय नेम? कधी पंधरा दिवसांत येतो, कधी तीन-तीन महिने येत न्हाय. मग मुंबईला मोठ्या साहेबांकडं जावं लागतं."

(साहेब म्हणजे स्पेशालिस्ट, हे मी माझ्या हुशारीनं ओळखलं.)

"आल्यावर लई त्रास होतो का?"

"त्रास कसला? आला की घरात सगळे खूश!"

मी फोन ठेवला आणि महानंदाला सगळं सांगितलं.

"म्हंजी फिट येते?" ती ओरडली. "आन् घरचे खूश होतात? कसली माणसं म्हणायची ही!"

संध्याकाळी अर्पिताला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "अप्पा, मला तो आवडलाय. असंल आजार तर असू दे. औषध घेईल की." त्यावर नाही म्हणायचा धीर मला झाला नाही. रात्रभर मी छताकडं बघत पडलो.

चार दिवसांनी बापलेक तारीख ठरवायला घरी आले. महानंदानं पोह्यांच्या ताटलीशेजारी फोडलेला कांदा ठेवला होता आणि माझी जुनी चप्पल पदराआड धरली होती. फिट आली तर हुंगवायला.

पोहे खाता खाता श्रीशैलचा मोबाइल वाजला. त्यानं बघितलं आणि ताडकन उभा राहून वडिलांकडं वळून ओरडला, "अप्पा, ड्रॉबॅक आला!"

मी झेप घेऊन त्याचे पाय धरले. महानंदानं एका हातानं कांदा आणि दुसऱ्या हातानं चप्पल त्याच्या नाकाला लावली. अर्पिता पाणी घेऊन धावली आणि तिनं ते सगळं माझ्याच डोक्यावर ओतलं.

"अहो काका, पाय सोडा!" श्रीशैल कांद्याआडून म्हणाला. "पैसे आलेत, पैसे!"

मग त्यानं, डोळ्यांतून पाणी गळत असतानाही, शांतपणे समजावलं. टॉवेलचा रंग परदेशातून येतो, त्यावर कस्टम ड्युटी भरावी लागते. तो रंग वापरलेले टॉवेल परत परदेशात विकले, की सरकार ती ड्युटी परत देतं. त्या परताव्याला धंद्यात ड्रॉबॅक म्हणतात. तो अडकला होता, म्हणून साखरपुडा थांबला होता.

महानंदानं चप्पल खाली टाकली आणि रडत रडत हसायला लागली. अर्पिता तर आत पळाली, पण तिचं हसू बाहेर ऐकू येत होतं. मला इतकं हलकं वाटलं, की ओल्या कपड्यांनीच मी श्रीशैलला मिठी मारली. जागेवरच तारीख ठरली.

निघताना शरणबसप्पांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि महानंदाकडं वळले.

"अक्का, एक विचारू? तुमच्या लग्नाआधी तुमच्या वडिलांनी यांची काही चौकशी केली न्हवती?"

"कुठली करतात!" महानंदा म्हणाली. "तवा गावात फोनच न्हवता."